दम्याच्या सोबतीने जगलेली संत बर्नादेत



दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण लूर्ड्समातेचा सण साजरा करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून तो जगभरच्या चर्चमध्ये पाळला जातो. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मालाडच्या ऑर्लेम येथील लूर्ड्समातेच्या चर्चला जाऊन येतात. मातेची गुहा आणि तिच्यापुढे हातात जपमाळ घेऊन गुडघे टेकलेली मुलगी हे दृश्य आपल्या घराघरात आहे. त्या मुलीचे नाव बर्नादेत. तिला पवित्र मरियेचे दर्शन झाले हे सर्वांना माहीत आहे. पण तिला दमा होता, आणि तो तिच्या मरणापर्यंत बरा झाला नाही, हे फारच थोड्यांच्या लक्षात असते.

थंडीच्या दिवसांत आपल्या नाहूर-भांडुप-मुलुंड पट्ट्यात सकाळच्या मिस्सेला खोकल्याचा आवाज वाढतो. कुणी जिना चढताना मध्येच थांबतो, कुणी पंप खिशात लपवून बाहेर जाऊन घेतो. म्हणून या आठवड्यात बर्नादेतची जीवनकथा तिच्या श्वासाच्या बाजूने पाहू या.

गिरणीवाल्याची मुलगी

बर्नादेत सुबिरूचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लूर्ड्स गावी झाला. दोनच दिवसांनी तिचा बाप्तिस्मा झाला. वडील फ्रान्स्वा बोली नावाची पाणचक्की चालवत. आई लुईझ. बर्नादेत हे त्यांचे पहिले मूल. पुढे आणखी भावंडे झाली, पण त्यांतली बरीच लहानपणीच दगावली.

सुरुवातीला घरात खाऊनपिऊन बरे होते. पण एकामागून एक संकटे आली. मेणबत्ती पडून आईची छाती भाजली. त्यामुळे तान्ह्या बर्नादेतला जवळच्या बार्त्रेस गावी दुसऱ्या बाईकडे दूध पाजण्यासाठी ठेवावे लागले. जात्याला टाकी लावताना वडिलांचा एक डोळा गेला. उधारी वसूल होईना, आणि १८५४ साली गिरणी सुटली. कुटुंब एका भाड्याच्या जागेतून दुसरीत फिरू लागले.

१८५५ साली लूर्ड्समध्ये पटकीची साथ आली. अकरा वर्षांची बर्नादेत त्यातून वाचली, पण मुळातच नाजूक असलेली तिची प्रकृती ढासळली ती कायमचीच. दमा तिला जन्माचा चिकटला. तिची उंचीही फारशी वाढली नाही.

१८५७ च्या आरंभी सुबिरू कुटुंब एका जुन्या तुरुंगाच्या खोलीत राहायला आले. ही जागा कैद्यांनाही ठेवण्यास योग्य नाही म्हणून सोडून दिलेली होती. सुमारे पावणेदोनशे चौरस फुटांची एकच खोली, ओल धरलेल्या भिंती, ऊन जेमतेम, आणि त्यात आईवडील व चार मुले अशी सहा माणसे. आपल्यातील जे चाळीत किंवा झोपडपट्टीत वाढले त्यांना ही खोली समजावून सांगावी लागणार नाही. त्याच वर्षी मार्च महिन्यात पिठाच्या चोरीच्या संशयावरून वडिलांना पोलिसांनी धरून नेले. आठवडाभराने ते सुटले. पण गरिबाचे नाव एकदा घेतले गेले की ते लवकर पुसले जात नाही.

श्वास कोंडतो म्हणजे काय होते

दमेकऱ्याच्या छातीत काय घडते ते येथे थोडे समजून घेतले पाहिजे. आपली श्वासनलिका उलट्या धरलेल्या झाडासारखी असते. घशाखाली खोड, मग दोन फांद्या, मग त्यांच्या फांद्या. असे सुमारे २३ वेळा फाटे फुटत ती कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचते. प्रत्येक नळीला आतून नाजूक अस्तर असते. त्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात, आणि ते झाडूसारखे धूळ व कफ वर लोटत असतात. अस्तराभोवती स्नायूंचे वेटोळे असते.

दमा असणाऱ्याचे हे अस्तर नेहमीच थोडे सुजलेले आणि चिडके असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, परागकण, ओलीतली बुरशी यांपैकी काहीही निमित्त होते आणि स्नायू आवळले जातात, अस्तर फुगते, चिकट कफ साचतो. हवेची वाट अरुंद होते. त्यातून श्वास बाहेर सोडणे विशेष कठीण जाते, आणि तेव्हाच ती शिटीसारखी घरघर ऐकू येते.

वाट किती अरुंद होते यापेक्षा त्याचा परिणाम फार मोठा असतो. बर्नादेत जन्मली त्याच दशकात प्वाझेय या फ्रेंच वैद्याने बारीक नळीतून होणाऱ्या प्रवाहाचा नियम मांडला. त्या नियमाप्रमाणे नळीचा व्यास निम्मा झाला तर प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, तर सोळापट होतो. छातीतल्या बारीक नळ्यांचा हिशेब साधारण असाच आहे. म्हणून दमेकऱ्याची धाप ही नाटक नसते आणि मनाची कमजोरीही नसते. बाहेरून तो धडधाकट दिसतो, आत मात्र एकेका श्वासासाठी झुंज चाललेली असते.

ओढ्याच्या अलीकडे राहिलेली मुलगी

जानेवारी १८५८ मध्ये बर्नादेत बार्त्रेसहून घरी परतली. तिथे ती मेंढ्या राखत होती. वय चौदा, पण ना लिहिता येत होते, ना वाचता, आणि धर्मशिक्षणही अपुरे. प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार घ्यावा ही एकच ओढ तिला लागली होती.

११ फेब्रुवारी १८५८, गुरुवार. घरात जळण नव्हते. बर्नादेत, तिची बहीण त्वानेत आणि एक मैत्रीण अशा तिघी लाकडे गोळा करायला निघाल्या. थंडी होती, म्हणून आईने बर्नादेतला बाहेर सोडायला आधी नकारच दिला होता. शेवटी दम्यासाठी पायांत मोजे व डोक्यावर जाड ओढणी घालून तिला जाऊ दिले. मासाबिएलच्या कड्यापाशी गिरणीच्या पाण्याचा कालवा आडवा आला. दोघी मुली अनवाणी पाणी ओलांडून पलीकडे गेल्या. पाणी बर्फासारखे होते. या पाण्यात पाय घातले तर दम्याचा झटका येईल, या भीतीने बर्नादेत अलीकडेच थांबली. शेवटी मन घट्ट करून ती मोजे काढू लागली. तेवढ्यात वाऱ्याचा आवाज आला, तिने वर पाहिले, आणि गुहेतल्या कोनाड्यात तिला शुभ्र वस्त्रातील स्त्री दिसली.

या ठिकाणी आपण क्षणभर थांबावे असे मला वाटते. ती इतरांबरोबर पाणी ओलांडू शकली नाही, मागे राहिली, आणि त्या मागे राहण्यातच तिची देवमातेशी भेट झाली. देवाने तिला भेटीसाठी दमा दिला, असा याचा अर्थ मी लावणार नाही. आजार हा आजारच, आणि तो बरा व्हावा असेच देवाला वाटते. प्रभू येशूने रोग्यांना बरे केले, त्यांना आजारातच राहा असे कधी सांगितले नाही. पण आपण जिथे अडतो तिथे देव आधीच येऊन थांबलेला असू शकतो, एवढे मात्र या प्रसंगावरून नक्की म्हणता येते.

पुढे १६ जुलै १८५८ पर्यंत एकूण अठरा दर्शने झाली. २५ फेब्रुवारीला तिने मातेच्या सांगण्यावरून चिखल उकरला आणि तिथून झरा वाहू लागला. २५ मार्चला त्या स्त्रीने स्वतःची ओळख निष्कलंक गर्भसंभव अशी सांगितली. चारच वर्षांपूर्वी, १८५४ साली, पोप नववे पायस यांनी हे श्रद्धासत्य घोषित केले होते, आणि त्या निरक्षर मुलीला या शब्दांचा अर्थही कळत नव्हता. पोलीस अधिकारी झाकोमे यांनी तिला धाक दाखवला, धर्मगुरू पेरामाल यांनी कठोर प्रश्न विचारले, डॉक्टरांनी तिच्या मनाची तपासणी केली. त्यांना तिचा दमा दिसला, पण लबाडी दिसली नाही. ती जे पाहिले तेवढेच सांगत राहिली. कुणी दिलेला पैसा तिने घेतला नाही. ३ जून १८५८ रोजी तिने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. १८ जानेवारी १८६२ रोजी तार्बचे बिशप लोराँस यांनी दर्शने खरी असल्याचे जाहीर केले.

नेव्हेरच्या मठात

लोक दर्शनासाठी तिलाच पाहायला येऊ लागले. १८६० पासून ती लूर्ड्समधील धर्मभगिनींच्या रुग्णाश्रमात राहून शिकू लागली. १८६२ साली तिला न्यूमोनिया झाला आणि ती मरणाच्या दारातून परतली. जुलै १८६६ मध्ये तिने लूर्ड्स कायमचे सोडले व नेव्हेर शहरातील धर्मभगिनींच्या मठात प्रवेश केला. तिथे तिचे नाव सिस्टर मारी-बर्नार झाले. ज्या गुहेपाशी हजारो लोक जात होते तिथे ती स्वतः पुन्हा कधी गेली नाही. १८७६ साली लूर्ड्सच्या मोठ्या मंदिराचे समर्पण झाले, तेव्हाही ती मठातच होती.

मठात येऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच ऑक्टोबर १८६६ मध्ये दम्याने असे उग्र रूप धरले की रात्र निघेल असे कुणाला वाटेना. बिशप फोर्काद स्वतः आले आणि मृत्युशय्येवर असल्याप्रमाणे तिची व्रते घेण्यात आली. ती वाचली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तिची आई वारली. ३० ऑक्टोबर १८६७ रोजी तिने रीतसर व्रते घेतली.

नंतर तिला मठाच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून नेमले, आणि पुढे बरीचशी जबाबदारी तिच्याकडेच आली. स्वतः धापा टाकणारी ही बाई इतर आजारी भगिनींची सेवा करू लागली. ती नुसती मायाळू नव्हती, कामात चोख होती. मठाचे डॉक्टर रोबेर सें-सीर यांनी १८७२ साली तिच्या कामाची लेखी प्रशंसा केली. तिचा स्वभाव मोकळा व विनोदी होता. दम्यासाठी डॉक्टरांनी तिला तपकीर ओढायला सांगितली होती. भर बैठकीत तिने डबी काढली की इतर भगिनींना हसू फुटत असे, आणि तिला त्यात काही लाज वाटत नसे.

आज तपकीर हे दम्याचे औषध नव्हे, तर अपायकारक तंबाखू आहे हे आपण जाणतो. पण त्या काळी वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. युरोपात दमेकरी धोत्र्याच्या पानांचा धूर ओढत. ही रीत १८०२ च्या सुमारास आपल्याच देशातून, मद्रासहून, इंग्लंडात गेली होती. धोत्र्याने नळ्या काही वेळ सैल पडत, पण तो विषारी आहे आणि धूर छातीला जाळतोच. आतली सूज कमी करणारे औषध बर्नादेतच्या हयातीत कुणाकडेच नव्हते.

नळीची भिंत जाड होते

वर्षानुवर्षे दमा उपचाराविना राहिला तर काय होते, हे विज्ञानाला पुढे कळले. १९२२ साली अमेरिकेतील ह्यूबर आणि केसलर या डॉक्टरांनी दम्याने मृत्यू पावलेल्यांच्या श्वासनळ्या तपासून मोजल्या. त्यांच्या भिंती निरोगी माणसाच्या भिंतींपेक्षा जाड झालेल्या होत्या. अस्तराखाली चिवट धाग्यांचा थर बसतो, जखम भरल्यावर वण उरतो त्याच जातीचा. स्नायूंचे वेटोळे वाढते. कफ तयार करणाऱ्या पेशी व ग्रंथी वाढतात. झाडूचे काम करणारे केस झडतात. म्हणजे झटका ओसरला तरी नळी पूर्वीसारखी होत नाही, तिची रचनाच बदलते. हा बदल म्हातारपणीच होतो असे नाही, शाळकरी मुलांतही तो आढळला आहे.

२०११ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सौम्य दमा असलेल्या स्वयंसेवकांच्या नळ्या त्यांनी सूज न आणणाऱ्या औषधाने काही दिवसांत पुन्हा पुन्हा आवळवल्या. एवढ्यानेच अस्तराखालचा थर जाड झाला. म्हणजे आधीच्या झटक्याची खूण नळीत राहते, आणि ती पुढच्या झटक्याची वाट सोपी करते. ज्यांना वाटते की झटका आला की पंप घेऊ, एरवी औषध कशाला, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतही केवळ झटक्यापुरत्या पंपावर विसंबून राहू नये असेच सांगितले आहे.

दम्याचा एक चुलतभाऊ आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, आपण जुनाट खोकला-धाप म्हणतो. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, कारखान्यातील धूळ यांनी तो होतो. या आजारात शेवटच्या बारीक नळ्या आधी आजारी पडतात. दोन मिलिमीटरहून लहान असलेल्या या नळ्या सुजतात, वणांनी आखडतात, आणि काही तर नाहीशा होतात. त्या संख्येने इतक्या असतात की बऱ्याच निकामी होईपर्यंत माणसाला काही जाणवतच नाही. दुसरीकडे वायुकोशांच्या भिंती फाटतात. तंबूचे दोर तुटले की कापड खाली बसते, तसे आधार गेलेल्या बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि हवा आतच अडकते. फुप्फुसाचे हे फुगणे पहिल्यांदा नीट वर्णिले ते स्टेथोस्कोपचे जनक रने लेनेक यांनी, १८१९ सालच्या आपल्या ग्रंथात. लेनेक हे निष्ठावान कॅथलिक होते आणि १८२६ साली छातीच्याच रोगाने, क्षयाने वारले.

हे सारे दूरच्या देशातले नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील निरनिराळ्या वस्त्यांतील व खेड्यातील लोकांची तुलना केली. जिथे हवा अधिक दूषित, तिथे खोकला आणि धाप अधिक, असे त्यांना आढळले. आपल्या भागाने कारखान्यांचा धूर पाहिला आहे. मुलुंडचे डम्पिंग ग्राउंड २०१८ साली बंद झाले, त्याआधीची दुर्गंधी आपण सोसली आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर साऱ्या शहराने घेतला. आपल्या आज्या-मावश्यांनी आयुष्यभर लाकडाच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी विडीला कधी हात लावला नाही, तरी त्यांची छाती धुराने गेली. सबंध जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा २०१९ सालचा अंदाज आहे. नियमित औषध न घेणे हे यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

स्वतःसाठी न मागितलेले वरदान

बर्नादेतची शेवटची वर्षे दुखण्यातच गेली. दम्याच्या जोडीला उजव्या गुडघ्यात हाडाचा क्षय झाला. २२ सप्टेंबर १८७८ रोजी तिने आजन्म व्रते घेतली आणि डिसेंबरपासून अंथरूण धरले. ज्या झऱ्याचे पाणी तिच्या हातांनी मोकळे झाले, त्या पाण्याने लोक बरे होत असल्याच्या वार्ता तिच्या कानांवर येत होत्या. तो झरा आपल्यासाठी नाही, असे ती शांतपणे म्हणत असे. तिला कडवटपणा आला नाही, आणि आपण फार मोठा त्याग करतो आहोत असेही तिने कधी भासवले नाही. १६ एप्रिल १८७९ रोजी, ईस्टरच्या आठवड्यातील बुधवारी दुपारी, आरामखुर्चीत बसलेल्या अवस्थेत तिने प्राण सोडला. आडवे पडून श्वास घेता येत नव्हता. वय अवघे ३५.

पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली तिला धन्यवादित व ८ डिसेंबर १९३३ रोजी संत म्हणून घोषित केले. १६ एप्रिल हा तिचा सण. दर्शन झाले म्हणून ती संत झाली नाही. सत्य, साधेपणा आणि सेवा यांनी ती संत झाली.

लूर्ड्समध्ये बरे झाल्याचा दावा करणाऱ्यांची डॉक्टरांकडून कसून तपासणी होते. त्यासाठी १८८३ साली वैद्यकीय कार्यालय सुरू झाले. आजवर ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरहून थोड्याच अधिक आहेत. चर्च वैद्यकशास्त्राला शत्रू मानत नाही हे यावरून दिसते. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखावा आणि औषधे ही देवाचीच निर्मिती समजावी, अशी शिकवण आहे. संत थॉमस अक्विनास यांच्या विचाराप्रमाणे देवाची कृपा मानवी स्वभावाची जागा घेत नाही, ती त्याला पूर्णत्वास नेते. म्हणून प्रार्थना आणि औषध यांच्यात निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. गुडघे टेकून जपमाळ म्हणावी आणि पंपही वेळेवर घ्यावा.

आपल्या धर्मग्रामासाठी काही गोष्टी

पहिली गोष्ट, पंपाची लाज सोडू या. पंपातून औषध थेट नळीत जाते, त्यामुळे गोळीपेक्षा फारच कमी मात्रा पुरते. त्याची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. सूज उतरवणारा रोजचा पंप १९७२ पासून उपलब्ध आहे. बर्नादेतला तो मिळाला असता, तर तिच्या कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या. बरे वाटले म्हणून तो आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. पंप घेण्याची रीत त्यांच्यासमोर करून दाखवावी, आणि नंतर चूळ भरावी.

दुसरी गोष्ट, मुलीचे लग्न जमवताना दमा लपवणे थांबवू या. लपवलेला आजार सासरी औषधाविना राहतो आणि त्याची किंमत तिच्या छातीला मोजावी लागते. मुलाकडच्यांनीही हे ऐकून पाठ फिरवू नये. दमा हा कलंक नव्हे. ज्या मुलीला आपण वेदीवर संत म्हणून मान देतो, तिला दमा होता.

तिसरी गोष्ट, कुणाच्याही आजाराला शिक्षा किंवा कमी श्रद्धेचा परिणाम म्हणू नये. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा प्रभूने तो विचारच नाकारला होता.

चौथी गोष्ट घरची. विडी-सिगारेट सोडण्यास कोणतेही वय उशिराचे नाही. झालेले बदल पूर्ण पुसले जात नाहीत, पण सोडल्या दिवसापासून छातीची घसरण मंदावते. घरात मच्छर कॉइल लावत असाल तर विचार करा. २००३ सालच्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात. मच्छरदाणी अधिक बरी. भिंतीला ओल असेल तर ती काढावी, कोपऱ्यात कचरा जाळू नये. खोकला आठ आठवडे टिकला किंवा जिना चढताना पूर्वीपेक्षा धाप लागू लागली, तर डॉक्टरांकडून फुंकर मारण्याची साधी तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी.

आणि शेवटची गोष्ट चर्चची. मोठ्या सणांना आपण धूप वापरतो. त्या दिवशी सर्व दारे-खिडक्या उघड्या राहतील, आणि ज्यांना धुराचा त्रास होतो त्यांच्यासाठी दारालगतची बाके मोकळी ठेवली जातील. स्वयंसेवकांनी कृपया याची काळजी घ्यावी. ज्यांना चर्चपर्यंत येणे जमत नाही, त्यांच्या घरच्यांनी कळवावे. त्यांच्याकडे ख्रिस्तशरीर घेऊन येणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि त्यात कुणी संकोच मानू नये.

११ फेब्रुवारीला संध्याकाळची मिस्सा आजाऱ्यांसाठी अर्पण केली जाईल, आणि ज्यांना इच्छा असेल त्यांना रुग्णांच्या अभ्यंगाचा संस्कार दिला जाईल. धाप लागणाऱ्यांनी पुढे येण्याची घाई करू नये. मीच त्यांच्या बाकापाशी येईन.

लूर्ड्समाता आणि संत बर्नादेत आपल्या सर्वांसाठी प्रभूकडे विनंती करोत.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू